हुप्प्या, वानरी आणि काळं पिल्लू

वानराची शेपटी पाहून तो कोणत्या मुलखातला हे बरंचसं ओळखता येतं. तापी आणि गोदावरीच्या उत्तरेकडचा वानर चालू लागला की शेपटी पाठीवरून डोक्याच्या दिशेनं कमान करते. दक्षिणेकडच्याची मागच्या बाजूला झुकते. प्राणिशास्त्रज्ञ एम. एल. रूनवाल यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस देशभरच्या पाहण्यांतून ही सीमारेषा आखली. माळव्यात, देवास जिल्ह्यातल्या पीपलरावांच्या आसपास दिसणारी वानरं उत्तरेकडच्या शेपटीची. धारवाडची दक्षिणेकडच्या. महाराष्ट्राच्या पोटातूनच ही रेघ जाते, त्यामुळे आपल्याकडे दोन्ही प्रकार आहेत.

शेपटी कशीही असो, टोळीची रचना मध्य भारतापासून कर्नाटकापर्यंत पुष्कळशी सारखी. बऱ्याच टोळ्यांत एकच मोठा नर असतो, ज्याला मराठी मुलखात हुप्प्या म्हणतात. त्याच्याभोवती वानरी आणि त्यांची लहानमोठी पिल्लं. वानरी जन्मभर त्याच टोळीत, आई-बहिणी-मावश्यांच्या सोबतीनं राहतात. नर मात्र वयात येण्याआधीच हाकलले जातात आणि बिनटोळीच्या नरांचे वेगळे जथे करून हिंडतात. या जथ्यांची नजर कायम कुठल्या ना कुठल्या हुप्प्याच्या जागेवर असते. हुप्प्या बदलला की टोळीतल्या तान्ह्या पिल्लांवर संक्रांत येते. हे शास्त्राला पटायला तीस-पस्तीस वर्षं लागली, आणि त्या वादाची सुरुवात झाली धारवाडच्या जंगलात.

वानराचं नवजात पिल्लू काळपट तपकिरी असतं. आई राखाडी-रुपेरी, तोंड काळं; पिल्लाचे केस गडद आणि तोंड फिकट, गुलाबीसर. दूरवरूनही ते उठून दिसतं. जन्मल्यापासून काही तासांतच टोळीतल्या इतर वानरी त्याला मागून घेतात, हुंगतात, उलटंपालटं करून पाहतात, एकीच्या हातून दुसरीच्या हाती देतात. बबूनांत असं पिल्लू सहजासहजी कुणाच्या हाती दिलं जात नाही. तिसऱ्या महिन्यानंतर पिल्लाचा रंग उतरू लागतो, पाच-सहा महिन्यांत ते आईच्या रंगाचं होतं, आणि वर्ष उलटून गेल्यावर आई दूध तोडते. दूध तोडताना पिल्लू किंचाळतं, आईच्या मागे धावतं, तिला चापट्याही मारतं. या सगळ्या काळात, म्हणजे पिल्लू अंगावर पीत असेपर्यंत, आई सहसा माजावर येत नाही. पुढच्या सगळ्या वादाचं मूळ या शेवटच्या वाक्यात आहे.

वानर-टोळ्यांच्या मारामाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांनाही दिसल्या होत्या. एप्रिल १८८२ मध्ये ह्यूज नावाच्या अधिकाऱ्याचा तळ रीवा संस्थानात सोहागपूर भागातल्या सिंगपूर गावी पडला होता. तिथे त्यानं वानरांची जीवघेणी झुंज पाहिली आणि दोन वर्षांनी बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या वृत्तांतात ती छापली. ती नोंद जवळपास नव्वद वर्षं तशीच पडून राहिली. एखादा प्रवासी, एखादा साहेब, एक दिवसाचं निरीक्षण. त्यातून नियम निघत नाही, हेही खरंच होतं.

मर्कटकुलाच्या वागण्याचा पहिला मोठा अभ्यास झाला तो जंगलात नव्हे, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात. १९२५ साली तिथल्या कृत्रिम टेकडीवर सुमारे शंभर हमद्रियास बबून सोडले गेले, आणि चुकून म्हणा, बेफिकिरीनं म्हणा, ते जवळजवळ सगळे नर होते. १९२७ साली त्यांच्यात तीस माद्या आणून सोडल्या. नरांनी त्या माद्यांसाठी अशी ओढाताण केली की त्यांतल्या बहुतेक त्यातच मेल्या. सॉली झुकरमन या तरुण शरीररचनातज्ज्ञानं हा प्रकार बारकाईनं टिपला आणि १९३२ साली त्यावर पुस्तक लिहिलं. मर्कटसमाज लैंगिक ओढीनं बांधलेला आणि हिंसेनं भरलेला असतो, असा त्याचा निष्कर्ष. पुढच्या पिढीनं तो फेकून दिला. शंभर नर एका टेकडीवर कोंडले तर दुसरं काय होणार, असं त्यांचं म्हणणं, आणि ते रास्त होतं. पण या टेकडीची आठवण संशोधकांच्या मनात फार खोल रुतून बसली. पुढे कुठेही रक्त सांडलेलं दिसलं की पहिला संशय गर्दीवर जाऊ लागला.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी मानवशास्त्रज्ञ शेरवूड वॉशबर्न यांनी ठरवलं की माणसाच्या पूर्वजांबद्दल काही कळायचं असेल तर मोकळ्या रानातली माकडं पाहिली पाहिजेत. त्यांचा विद्यार्थी अर्विन डीव्होर केनियात बबूनांच्या मागे गेला. गवताळ मैदान, आसपास सिंह आणि बिबटे, मध्यभागी माद्या-पिल्लं आणि मोठ्या नरांची राखण: बबूनांच्या शिस्तबद्ध समाजाचं हे चित्र १९६१ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मधून जगभर गेलं. त्यांची दुसरी विद्यार्थिनी फिलिस जे भारतात आली. १९५८ ते १९६० या काळात तिनं उत्तर प्रदेशातल्या कौकोरीत आणि तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या, बस्तरच्या ओरछा भागात वानरं पाहिली. तिला भांडणं क्वचितच दिसली. माद्या एकमेकींची पिल्लं सांभाळतात, नर निवांत, टोळ्या एकमेकींना टाळतात. बबून शिपाईगडी आणि वानर शांत गृहस्थ, अशी जोडी त्यानंतर पाठ्यपुस्तकांत पक्की झाली.

फिलिस जेचं निरीक्षण खोटं नव्हतं. तिच्या मुक्कामात त्या टोळ्यांत सत्तापालट झाला नाही, एवढंच.

१९६१ साली क्योटो विद्यापीठाचा एक गट धारवाडला उतरला. गावाच्या पश्चिमेला पानगळीचं सागवानी जंगल सुरू होतं आणि त्यात वानरांच्या टोळ्या एकमेकींना खेटून राहत होत्या. जपानी-भारतीय संयुक्त प्रकल्पात युकिमारू सुगियामा आणि केंजी योशिबा यांच्यासोबत एम. डी. पार्थसारथी हे भारतीय संशोधक होते. क्योटोची पद्धत वेगळी होती. किन्जी इमानिशी यांनी १९४८ पासून जपानी माकडांवर ती घडवली होती: प्रत्येक जनावर चेहऱ्यानं ओळखायचं, त्याला नाव किंवा क्रमांक द्यायचा, आणि वर्षानुवर्षं त्याच्या मागे राहायचं. पाश्चात्त्य अभ्यासकांना हे तेव्हा जरा भावनिक वाटे. पण टोळीचा नर बदलला की नाही, हे ज्याला एकेक चेहरा पाठ आहे त्यालाच सांगता येतं.

१९६२ च्या उन्हाळ्याच्या शेवटी सुगियामांच्या नोंदीतल्या तिसाव्या टोळीवर, जिला ते डोमकल म्हणत, सात नरांचा जथा चालून गेला. जुन्या हुप्प्याला हाकलून लावलं. मग त्या सातांपैकी एकानं उरलेल्या सहांनाही पळवलं आणि टोळीतल्या वाढत्या नरांनाही घालवून दिलं. इथवर सगळं अपेक्षेप्रमाणे होतं. त्यानंतरच्या दिवसांत नवा हुप्प्या पिल्लू छातीशी धरलेल्या वानरींच्या मागे लागला. एकामागून एक पिल्लं चाव्यांनी जखमी झाली आणि नाहीशी झाली. काही वानरींनी जखमी पिल्लू काही काळ उचलून फिरवलं आणि मग टाकलं. पिल्लं गेलेल्या माद्या थोड्याच दिवसांत माजावर आल्या आणि ज्यानं पिल्लं मारली त्याच नराशी त्यांचा संयोग झाला.

सुगियामांनी मग एक प्रयोग केला. दुसऱ्या एका टोळीतला एकुलता एक मोठा नर त्यांनी पकडून बाहेर काढला. शेजारच्या टोळीचा नर त्या टोळीत शिरला आणि तिथलीही पिल्लं मारली गेली. आज असा प्रयोग करायला कोणतंही नैतिक मंडळ परवानगी देणार नाही, आणि देऊ नये. काय घडणार याचा अंदाज पहिल्या घटनेनंतर बांधता येत होता. ती पिल्लं टाळता येण्याजोगी मेली. मात्र ती नोंद पुढे निर्णायक ठरली, कारण पहिली घटना योगायोग होती असं म्हणायला तिनं जागा ठेवली नाही.

१९६५-६६ मध्ये हे सगळं 'प्रायमेट्स' या नियतकालिकात इंग्रजीतून आलं. प्रतिसाद थंड होता. जपानबाहेरच्या बहुतेकांनी धारवाडच्या घटनांना अपवाद मानलं. तिथे एका चौरस किलोमीटरमध्ये शंभराच्या आसपास वानरं होती, जंगलात माणसांची ये-जा होती, आणि फेब्रुवारी १९६२ मध्येच जॉन कॅल्हून यांचा गर्दीत कोंडलेल्या उंदरांवरचा गाजलेला लेख आला होता. दाटी झाली की उंदराच्या माद्या पिल्लं टाकतात, नर बेफाम होतात. लंडनची टेकडी, कॅल्हूनचे उंदीर आणि धारवाडची वानरं एका माळेत ओवली गेली. मूळचा शांत गृहस्थ दाटीनं बिघडला, असा सोयीचा अर्थ निघाला.

इकडे जोधपूरला एस. एम. मोहनोत शहराभोवतालच्या खडकाळ भागातल्या टोळ्या पाहत होते. लोक वानरांना चणे, पोळ्या घालत, त्यामुळे जवळ जाता येई. १९७१ साली 'ममालिया' या नियतकालिकात त्यांनी जोधपूरमधली पिल्लांची हत्या नोंदवली. धारवाडहून शेकडो मैल दूर, कोरड्या मुलखात, उत्तरेकडच्या शेपटीच्या वानरांत तोच क्रम: सत्तापालट, पिल्लांचा मृत्यू, माद्या माजावर. रूनवाल आणि मोहनोत यांचं दक्षिण आशियाच्या वानर-माकडांवरचं १९७७ चं पुस्तक आजही संदर्भासाठी उघडलं जातं. एवढं असूनही या शोधाची गोष्ट सांगताना मोहनोतांचं नाव बऱ्याचदा वगळलं जातं. हा अन्याय आहे. जोधपूरचं काम नसतं तर पुढच्या वादात पुरावा म्हणून मांडायला फारसं काही उरलंच नसतं.

१९७१ सालीच हार्वर्डची एक विद्यार्थिनी अबूच्या पहाडावर पोचली. सारा ब्लॅफर हर्डी हिला सुगियामांच्या निरीक्षणांबद्दल वर्गात कळलं होतं आणि तीही गर्दीचाच तर्क घेऊन आली होती. माउंट अबूवर यात्रेकरू आणि पर्यटक वानरांना भरपूर खायला घालतात, टोळ्या बाजारातून हिंडतात. दाटीचे परिणाम पाहायला जागा बरी. पण हिशेब जुळेना. ज्या टोळ्या दाटीवाटीत राहत होत्या पण जिथे हुप्प्या कायम होता, तिथे पिल्लं सुखरूप होती. नर पिल्लांच्या अंगावर जाई तो बाहेरून आलेला असतानाच. स्वतःच्या टोळीत जन्मलेल्या पिल्लांना तोच नर अंगाखांद्यावर खेळू देई, आणि बाहेरचं संकट आलं तर पुढे होई.

तिनं मग वेळेचा हिशेब मांडला. अबूवर एखाद्या हुप्प्याची सत्ता सरासरी सव्वादोन वर्षं टिके. वानरी साडेसहा महिने गाभण असते, त्यावर वर्षाहून अधिक काळ पिल्लू अंगावर पितं. आधीच्या नराचं पिल्लू दूध तोडेपर्यंत नवा नर थांबला, तर त्याचं स्वतःचं पिल्लू जन्मून पायावर उभं राहायच्या आत पुढचा नर येऊन ठेपणार. पिल्लू मेलं तर माद्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत माजावर येतात. म्हणजे दुसऱ्याची पिल्लं मारणाऱ्या नराची संतती जास्त उरते, आणि पिढ्यान् पिढ्या तीच वृत्ती पुढे येते. १९७४ साली तिनं हे लेखात मांडलं आणि १९७७ साली 'लंगूर्स ऑफ अबू' या पुस्तकात सविस्तर लिहिलं.

त्या पुस्तकाचा खरा जीव मात्र नरांच्या हिशेबात नाही, माद्यांच्या वागण्यात आहे. तोवर माद्यांना नरांच्या भांडणातलं बक्षीस समजलं जाई. हर्डीनं त्यांना एकेकीला ओळखलं. सोल ही टोळीतली सगळ्यांत म्हातारी वानरी. तिला आता पिल्लं होत नव्हती, जेवणात ती मागे राही, उंच फांद्यांवर तिला कुणी जागा देत नसे. 'मग' नावाचा नर इच या वानरीच्या स्क्रॅच नावाच्या पिल्लावर वारंवार धावून जाऊ लागला तेव्हा हीच सोल, आणि पंजा नसलेली दुसरी एक वयस्क वानरी, दोघी मिळून त्याच्या आडव्या गेल्या. स्वतःहून कितीतरी मोठ्या, दातांत कट्यारी बाळगणाऱ्या नराशी त्या झुंजल्या. सोल पिल्लाची आई नव्हती. बहुधा नात्यातली होती, कारण वानरींची टोळी म्हणजे नातलगांचीच. माद्यांची दुसरी युक्ती आणखी चकित करणारी: आधीच गाभण असलेल्या वानरीही बाहेरून आलेल्या नरांशी संयोग करत. ज्या मादीशी आपला संबंध आला तिचं पिल्लू आपलंही असू शकतं, एवढा संभ्रम नराच्या मनात राहिला तरी पिल्लाला ढाल मिळते.

फिलिस जे, ज्या तोवर फिलिस डोल्हिनो झाल्या होत्या, त्यांना हे पटलं नाही. वानरांचा स्वभावधर्म म्हणून हत्या मांडणं त्यांना अतिशयोक्त वाटे. वाद नुसता वानरांचा नव्हता. निसर्गातली क्रूरता नैसर्गिक म्हटली की माणसांतल्या क्रूरतेलाही सबब मिळेल, ही भीती त्यामागे होती, आणि १९७० च्या दशकातल्या अमेरिकेत ती अनाठायी म्हणता येणार नाही.

पद्धतीचा आक्षेप जास्त मोलाचा होता. रानात बसलेला माणूस नाट्यमय तेवढं टिपतो आणि कंटाळवाणं सोडून देतो. केनियाच्या अंबोसेलीत बबूनांवर काम करणाऱ्या जीन ऑल्टमन मूळच्या गणिताच्या विद्यार्थिनी. १९७४ साली त्यांनी निरीक्षण कसं करावं याचे नियम घालून दिले: ठरलेल्या वेळी, ठरलेल्या एकाच प्राण्यावर, ठरलेला काळ नजर ठेवायची, मग तो नुसता झोपलेला का असेना. पेंगुळलेल्या मादीला जितकी मिनिटं, तितकीच टोळीच्या नायकाला. या एका शिस्तीनं बबूनांच्या माद्या आणि पिल्लं शास्त्राच्या नजरेत आली. १९८० च्या त्यांच्या पुस्तकाचा विषयच बबून माता आणि अर्भकं हा होता.

मराठी वाचकाला ही कथा १९८२ साली वेगळ्या वाटेनं भेटली. व्यंकटेश माडगूळकरांची 'सत्तांतर' ही छोटी कादंबरी त्या वर्षी आली. त्यात एकही माणूस पात्र नाही. वानरांची टोळी, हुप्प्या, वानरी, आणि नव्या नराच्या हातून मरणारी पिल्लं. पुढच्या वर्षी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. अमेरिकी मानवशास्त्रज्ञ वर्गातून भांडत असताना इथे एका लेखकानं ते सगळं जनावराच्या पातळीवर उतरून, नीतिपाठ न देता लिहिलं. पुष्कळांनी ती राजकारणाची रूपककथा म्हणून वाचली. ती वानरांची गोष्ट म्हणून वाचली तर अधिक बोचते.

गर्दीच्या तर्काला खरा धक्का कान्हातून बसला. पॉल न्यूटन यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी कान्हाच्या सालवनात वानरांचा अभ्यास केला. तिथे चणे टाकणारे यात्रेकरू नव्हते, बाजार नव्हता. वाघ, बिबटे आणि वानरांच्या झाडाखाली सांडलेली पानं वेचणारे चितळ होते. १९८६ साली न्यूटन यांनी जाहीर केलं की या निर्वेध जंगलातही सत्तापालटानंतर पिल्लं मारली जातात. नर्मदेच्या खोऱ्यातलं हे निरीक्षण आलं आणि वानर दाटीमुळे बिघडतात हे म्हणणं मागे पडलं. जोधपूरला जर्मन संशोधक फोल्कर झोमर यांनी मोहनोतांच्या टोळ्यांवरचं काम पुढे नेलं आणि प्रत्यक्ष पाहिलेल्या घटनांची यादी वाढत गेली.

ज्या बबूनांना शिस्तीचा नमुना मानलं होतं, त्यांच्यातही तेच दिसू लागलं. बोट्सवानातल्या ओकाव्हांगोच्या पाणथळ मुलखात, मोरेमीच्या अरण्यात, चाक्मा बबूनांच्या टोळीत बाहेरचा नर येऊन पहिल्या क्रमांकावर पोचला की अंगावर पिणाऱ्या पिल्लांचे मृत्यू वाढत. बबूनाचं तान्हं पिल्लूही काळं असतं, तोंड गुलाबी. चार-सहा महिन्यांनी ते आईच्या तपकिरी रंगावर येतं. तिथल्या बाळंत माद्या एखाद्या ठरावीक नराच्या सावलीत राहतात. रायन पॅलोम्बिट, रॉबर्ट सायफार्थ आणि डोरोथी चेनी यांनी १९९७ साली याची परीक्षा घेतली. झुडपाआड ध्वनिवर्धक लपवून मादीची किंकाळी आणि धोकादायक नराचा आवाज ऐकवला. तिचा सोबती नर इतर नरांपेक्षा चटकन सावध झाला, आवाजाच्या दिशेनं पाहू लागला. पिल्लू मेलेलं असेल तर त्याच नराला त्याच मादीच्या किंकाळीचं फारसं काही वाटेना.

त्याआधी १९९३ साली मात्र थॅड बार्टलेट, रॉबर्ट ससमन आणि जेम्स चेव्हरुड यांनी सगळा छापील पुरावा चाळून काढला आणि म्हटलं, प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलेल्या हत्या अठ्ठेचाळीसच आहेत, त्याही मोठ्या प्रमाणावर एकट्या जोधपूरच्या. मारणारा नर पिल्लाचा बाप नव्हता हे कशावरून? आणि पुढचं पिल्लू त्याचंच हे कशावरून? प्रश्न योग्य होता. संयोग दिसतो, पितृत्व दिसत नाही; वानरी चोरूनही संबंध ठेवतात, हे तर हर्डीनंच सांगितलं होतं.

उत्तर विष्ठेतून मिळालं. दक्षिण नेपाळमधल्या रामनगरच्या साल जंगलात कॅरोला बोरीस आणि त्यांचे सहकारी वानरांच्या मागे फिरत आणि ओळखीच्या प्रत्येक जनावराची लेंडी गोळा करत. प्राण्याला न पकडता, रक्त न काढता, लेंडीत आलेल्या आतड्याच्या पेशींवरून डीएनए मिळतो. तिथल्या टोळ्यांत बऱ्याचदा एकाहून अधिक नर असत, त्यामुळे परीक्षा आणखी कडक होती: एकाच टोळीतल्या अनेक नरांपैकी नेमका कोण हल्ला करतो? १९९९ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात निकाल आला. तपासलेल्या एकाही घटनेत हल्ला करणारा नर त्या पिल्लाचा बाप नव्हता, आणि त्या माद्यांच्या पुढच्या पिल्लांचा बाप तो असण्याला पुरावा अनुकूल होता.

हीच तपासणी अंबोसेलीच्या बबूनांवर झाली तेव्हा दुसरी बाजूही समोर आली. २००३ साली 'नेचर'मध्ये जेसन ब्यूकन, सुझन अल्बर्ट्स, जोन सिल्क आणि जीन ऑल्टमन यांनी दाखवलं की अनेक नरांच्या टोळीत, जिथे मादी माजावर असताना अनेकांशी संबंध ठेवते, तिथेही वयात येत असलेल्या पिल्लांच्या भांडणात नर पडतात ते बहुतेक करून स्वतःच्या पिल्लांच्या बाजूनं. आपलं कोणतं हे त्यांना कशावरून समजतं, याचा शोध तिथल्या टोळ्यांत पुढे चालू राहिला.